गेममधले शत्रू शरण आले तर? 'ओन्ली यू कॅन सेव्ह मॅनकाइंड' वाचलेल्यांनी मत सांगा

मार्कंडेयकाठ

आमच्या बेळगावातल्या शहापुरात सुट्टीत गल्लीतल्या मुलांना जमवून आम्ही वाचन करतो. पाचवी ते आठवीची मुलं. यंदा टेरी प्रॅचेट यांची ही किशोर कादंबरी घेतली आहे. पुस्तक १९९२ सालचं, इंग्रजी. मी थोडं थोडं वाचते आणि मराठीतून सांगत जाते, कारण निम्मी मुलं मराठी माध्यमाची, दोघं कानडी माध्यमाची.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: जॉनी मॅक्सवेल हा बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या मित्राने कॉपी करून दिलेला गेम तो खेळत असतो. गेमचं नाव पुस्तकाचंच. अंतराळातून 'स्क्रीवी' नावाचे, मगर आणि पाल यांच्या मधले वाटावेत असे परग्रहवासी येतात, त्यांना उडवायचं, एवढाच खेळ. आणि एके दिवशी भर लढाईत पडद्यावर निरोप येतो, आम्हाला बोलायचं आहे. शत्रू चक्क शरण आलेत! गेमच्या माहितीपुस्तकात याबद्दल एक ओळ नाही. त्यांना सीमा ओलांडून आपल्या घरी जायचंय, आणि तिथपर्यंत त्यांना सुखरूप पोचवायचं काम जॉनीच्या गळ्यात पडतं. रात्री झोपला की तो थेट त्यांच्यात जाऊन पोचतो. इकडे बाकीचे लोक दुकानात जाऊन भांडतायत की आमच्या गेममध्ये शत्रूच नाहीत, पैसे परत द्या. आणि हे सगळं चालू असताना घरातल्या टीव्हीवर १९९१ चं आखाती युद्ध.

मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं. मुलांना गेमवरून बोलणारी माणसं घरोघरी आहेत. हे पुस्तक बोलत नाही, खेळायला बसवतं आणि मग विचारतं, ज्याला तू मारतोयस त्याला काय वाटत असेल? तुमच्याकडच्या मुलांनी वाचलं असेल तर सांगा. कितव्या वर्षी द्यावं? आणि आखाती युद्धाचं किती सांगावं?

अनगोळचा_गडी

शत्रू शरण आला तर स्टेज क्लियर कशी व्हायची की ओ अक्का? बॉस कुठनं आणायचा?

खानापूर_जंगलपट्टी

गडीभाऊ, जॉनीपुढे नेमका हाच प्रश्न पडतो. म्हणून तर गोष्ट सुरू होते.

मी हे पुस्तक कॉलेजात वाचलं, नंतर पोरांसाठी पुन्हा काढलं. त्यातला वॉब्लर हा मित्र मला सगळ्यात जवळचा. गेम फोडून कॉप्या वाटणारा, कॉम्प्युटरशिवाय दुसरं न सुचणारा. असा एक मुलगा आमच्या खानापुरात प्रत्येक गल्लीत होता. त्याने स्वतः बनवलेला एक गेम पुस्तकात आहे, अल्फा सेंटॉरीच्या प्रवासाचा. पडद्यावर नुसते ठिपके. का, तर तिथे पोचायला तीन हजार वर्षं लागतात असं त्याने टीव्हीवर ऐकलेलं, म्हणून गेमही तीन हजार वर्षं चालणार! एवढी वर्षं कॉम्प्युटर चालू ठेवलात तर मध्यभागी एक ठिपका येईल आणि निरोप मिळेल की पोचलात, आता घरी जा. माझी धाकटी हे ऐकून इतकी हसली की जेवण थांबलं. नंतर दोन दिवस घरात कोणी काही सांगितलं की तिचं उत्तर एकच, "तीन हजार वर्षं थांब."

आम्ही टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर वाढलेली माणसं. काँट्रा खेळताना वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए दाबलं की तीस लाइफ मिळायच्या. हे कुणी शिकवलं ते आठवत नाही, पण गावातल्या प्रत्येक पोराला यायचं. पलीकडून जे पळत यायचे ते कोण, कुठले, याचा विचार आम्हा कुणाच्याही मनात आला नाही. या पुस्तकाने तो आणला.

अनगोळचा_गडी

तीस लाइफ! आठवण काढून सोडलीत. आमच्यात एकजण त्या दोन 'वर' दाबायला विसरायचा आणि तीन लाइफवर दुसऱ्या स्टेजला गार व्हायचा. त्याच्याशी कोण जोडी करायचं यावर भांडणं.

चिकोडी_पॅसेंजर

वेगळं मत मांडतो. पुस्तक मी पूर्ण वाचलंय. कल्पना झकास, सुरुवात तर फारच. पण मधली प्रकरणं रेंगाळतात. झोपला, गेममध्ये गेला, जागा झाला, शाळेत गेला, मित्रांशी बोलला, पुन्हा झोपला. माझ्या मुलाने साठाव्या पानावर ठेवून दिलं.

दुसरं, मला ही भूमिका पटत नाही की गेममधल्या आकृत्यांनाही भावना असतात असं मुलांना सांगावं. मुलांना चांगलं कळतं की ते खरं नाही. माझा मुलगा रोज गेममध्ये पन्नास माणसं मारतो आणि अंगणात सरडा दिसला तर त्याला पाणी ठेवतो. बुद्धिबळात उंट मारला म्हणून कुणी रडत नाही. गेममुळे मुलं हिंसक होतात हीच जुनी ओरड इथे विनोदाचे कपडे घालून आली आहे.

मार्कंडेयकाठ

चिकोडीकर, तुमचा मुलगा सरड्याला पाणी ठेवतो हे वाचून बरं वाटलं. पण पुस्तक तुम्ही म्हणता ते सांगत नाही. गेम खेळून मुलं बिघडतात असं त्यात कुठेही नाही. उलट आहे. मोठ्या माणसांनी खरं युद्ध गेमसारखं दाखवायला सुरुवात केली, हा त्याचा राग आहे. बॉम्बवर लावलेल्या कॅमेऱ्यातून इमारत जवळ जवळ येते, मधोमध नेमाची खूण, मग पडदा पांढरा. १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बातम्यांत हीच चित्रं रोज होती. खाली त्या इमारतीत कोण होतं ते चित्रात नाही. जॉनी घरात बसून एकीकडे गेम बघतो, एकीकडे बातम्या, आणि दोन्ही पडदे सारखेच दिसतात. त्याला त्रास होतो तो याचा. गेम खोटा आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, पण बातम्याही तशाच का दिसतात हे त्याला कुणी सांगत नाही.

कॅम्पातली

मार्कंडेयताईंच्या वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आमचं बालपण इथल्या कॅम्पात गेलं. कारगिलच्या वेळी, १९९९ ला, मी सातवीत. वडील वरती होते. टीव्हीवर तोफा उडताना दाखवायचे, शाळेतली मुलं दुसऱ्या दिवशी तोंडाने आवाज काढत त्याची नक्कल करायची. ती वाईट मुलं नव्हती. त्यांना जे दिसत होतं ते तसंच होतं, दूरवर धूर आणि आवाज. आमच्या घरात मात्र आई बातम्या लागल्या की आवाज बंद करायची आणि फक्त खाली सरकणारी अक्षरं वाचायची.

जॉनीच्या घरचं ते वर्णन आठवतंय का? आईबाबांचं आपसात पटत नाहीये, घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही, टीव्ही मात्र चालू. विनोदी पुस्तकात असा कोपरा ठेवायला हिंमत लागते. मी ते पान माझ्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मध्ये थांबावं लागलं. त्याने विचारलं, "आजोबा वरती असताना तू गेम खेळायचीस का?" मी म्हटलं, आमच्याकडे नव्हता. त्यानंतर आम्ही बराच वेळ आजोबांबद्दल बोललो. एरवी तो विषय निघत नाही.

बसवण_गल्ली

कॅम्पातली ताई, वाचून गलबललं. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

निवृत्त_सुभेदार

हा धागा मुलीने दाखवला, म्हणून पुस्तक मागवून वाचलं. इंग्रजी सोपं आहे, आमच्यासारख्यालाही जमतं.

एक गोष्ट या लेखकाने अगदी नेमकी पकडली आहे. शत्रू शरण आला की काम संपत नाही, तिथून पुढे तुमची जबाबदारी सुरू होते. १९४९ च्या जिनिव्हा करारांपैकी तिसरा करार युद्धकैद्यांचाच आहे. त्यांना अन्न, औषध, निवारा द्यायचा, अपमान करायचा नाही, प्रदर्शन मांडायचं नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात आमच्या जंगी पलटणीने, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, जमालपूरला लढाई केली, आणि शेवटी सगळीकडचे मिळून सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी आपल्या ताब्यात आले. एवढ्यांना खायला घालायचं, सांभाळायचं आणि नंतर परत पाठवायचं, हे काही लहान काम नव्हतं. आम्ही भरती झालो तेव्हा जुने लोक लढाईच्या गोष्टी सांगत, तेवढ्याच आपुलकीने कैद्यांच्या छावणीच्याही सांगत.

जॉनीला पहिला प्रश्न हाच पडतो की शरण आलेल्यांना मी आता कसं वागवायचं. बारा वर्षांच्या पोराला हे सुचतं. आणि स्क्रीवींचा तोफखाना सांभाळणारा अधिकारी मात्र शरणागती मान्य करत नाही, कॅप्टनविरुद्ध बंड करतो. असा माणूस दोन्ही बाजूंना असतो. फौजेत राहिलेल्याला हे पात्र लगेच ओळखू येईल.

मुलांना हे पुस्तक जरूर द्या. लढाई वाईट असते एवढंच सांगून मुलांना काही मिळत नाही. लढाईलाही नियम असतात आणि ते पाळायला शौर्य लागतं, हे त्यांना कळलं पाहिजे.

खानापूर_जंगलपट्टी

सुभेदार मामा, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवणार आहे.

निपाणीचा_नातू

आखाती युद्धाचं किती सांगावं असं ताईंनी विचारलंय. माझं म्हणणं, भरपूर सांगावं, आणि आपल्याकडून सांगावं. माझे मोठे मामा कुवेतला होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणलं. बसने वाळवंट ओलांडून जॉर्डन, अम्मानहून विमानाने मुंबई. मामा निपाणीला आले तेव्हा हातात एक पिशवी. आजी त्यांच्याकडे बघून हसतही होती आणि रडतही होती असं आई सांगते.

पुढच्या जानेवारीत बॉम्ब पडायला लागले ते मामांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितलं. सगळे वा वा करत होते, काय नेम आहे म्हणून. मामा ओळखीचे रस्ते शोधत होते. ज्या कुठल्या गावावर बॉम्ब पडतो तिथे कुणाचा तरी मामा असतोच. मुलांना एवढं सांगितलं की पुस्तकातला अर्धा भाग आपोआप उलगडतो.

अनगोळचा_गडी

मी वर चेष्टा केलेली, पण आता वाचायचंच म्हणतोय. बेळगावात मिळतंय का कुठं? का मागवायलाच लागंल?

टिळकवाडी_टू

मागवावंच लागेल. जुन्या पुस्तकांत कधी कधी जॉनीच्या तिन्ही भागांचा संच मिळतो. मिळालं की आमच्याकडे या चहाला, कुंदा मी आणते.

अनगोळचा_गडी

कुंद्यासाठी तिन्ही भाग वाचतो की!

चिकोडी_पॅसेंजर

कुंदा म्हटल्यावर धागा भरकटणार. पण मार्कंडेयताईंचा मुद्दा मान्य की लेखकाचा रोख गेमपेक्षा बातम्यांवर आहे. तरी माझी मुख्य तक्रार तिथेच आहे. १९९१ ची ती चित्रं आजच्या मुलाने पाहिलेली नाहीत. त्याच्यासाठी जॉनीचा त्रास कुणीतरी समजावून सांगावा लागतो. आणि विनोद समजावून सांगायला लागला की गेला.

उचगावचे_मास्तर

चिकोडीकर, माझा शाळेतला अनुभव वेगळा आहे. सातवीच्या वर्गात मी यातली सुरुवातीची प्रकरणं तोंडी सांगितली. टीव्ही बाजूला ठेवला आणि विचारलं, फोनवर युद्धाचे व्हिडिओ कुणी कुणी पाहिलेत? जवळजवळ सगळे हात वर. ड्रोनमधून घेतलेले, वरून, खाली माणसं ठिपक्यांएवढी, पाठीमागे गाणं लावलेलं. तेव्हा रात्रीच्या बातम्यांत दिसायचं ते आता मुलांच्या खिशात आहे, तेही चोवीस तास. मला काहीच समजावावं लागलं नाही.

हसणं म्हणाल तर दुकानाच्या प्रसंगाला वर्ग कोसळला. गेममध्ये शत्रू नाहीत म्हणून पैसे परत मागणारी माणसं! एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या गेमात समोरचा पळून गेला तर आम्ही त्याला भित्रा म्हणतो. तो घरी चालला असेल असं वाटत नाही." बाकावर बसून त्याने हे सहज सांगितलं. मी फळ्यावर काही लिहिलं नाही, पुढचं पान सांगायला घेतलं.

आणखी एक जागा फार आवडली मुलांना. स्क्रीवींचा ताफा जाताना वाटेत जुन्या 'स्पेस इनव्हेडर्स'ची मोडकी जहाजं लागतात. तो गेम १९७८ चा, जपानी. ओळीने खाली उतरत येणारे आणि मरणारे ते परग्रहवासी. त्यांच्या आधी आलेले, कुणीच न वाचवलेले. मी मुलांना तो गेम दाखवला. एवढा वेळ हसणारी मुलं गप्प झाली, मग एकीने विचारलं, "म्हणजे आपण त्यांना संपवलं?"

माळी_गल्ली_९०

मास्तर, पळून जाणाऱ्यावरून आमच्या भाच्याचा किस्सा. मित्रमित्र रूम लावून खेळत होते, समोरच्या टीमला एक अनोळखी भिडू. त्याचा माइक उघडा राहिला. भाचा त्याच्यावर नेम धरून बसलेला, तेवढ्यात पलीकडून त्याच्या आईचा आवाज, "ऊटक्के बारो!" म्हणजे जेवायला ये रे. पाठोपाठ ताट आपटल्याचा आवाज. भाच्याला कानडी कळतं. त्याने बंदूक खाली केली आणि माइकवर त्याला सांगितलं, जा, जेवून ये, मारत नाही. तो खरंच गेला! टीमवाल्यांनी भाच्याला फाडून खाल्लं, पण नंतर तो पोरगा रोज याच्याशी खेळायला लागला. हुक्केरीकडचा निघाला.

निवृत्त_सुभेदार

भाच्याला माझ्याकडून शाबासकी.

कॅम्पातली

हे प्रॅचेट यांना कळायला हवं होतं, त्यांनी एक प्रकरण वाढवलं असतं.

टिळकवाडी_टू

आईच्या अकाउंटवरून लिहितेय, मी सातवीत आहे. मी पुस्तक इंग्रजीत स्वतः वाचलं. तुम्ही सगळे जॉनीबद्दलच बोलताय. मला कर्स्टी आवडली. ती सगळ्या स्पर्धा जिंकते आणि गेममध्ये जॉनीपेक्षा कितीतरी चांगली खेळते. स्वतःचं नाव सिगर्नी सांगते. ती सुरुवातीला फक्त गोळ्या घालते कारण जिंकायचं असतं. मला पण जिंकायला आवडतं आणि त्यात काय चुकलं असं मला वाटतं. पण तिला कुणी मैत्रीण नाहीये. ते मला वाईट वाटलं.

आणि स्क्रीवींची कॅप्टन बाई आहे हे कळल्यावर जॉनीला आश्चर्य वाटतं, ते मला पटलं नाही. का नसावी? त्यांच्यात बायकाच मुख्य असतात आणि त्यांना उलट माणसांचं आश्चर्य वाटतं. तो भाग मस्त आहे. जॉनी नुसता विचार करत बसतो तेव्हा कंटाळा येतो, चिकोडी काका बरोबर बोलले. पण शेवटी तोच कामाला येतो कारण तो ऐकून घेतो.

चिकोडी_पॅसेंजर

बाळ, इतक्या प्रतिसादांत माझी बाजू घेणारी तू पहिली. मधला भाग रेंगाळतो यावर मी ठाम आहे. पण कर्स्टीबद्दल तू लिहिलंस ते मी वाचताना निसटलं होतं. मुलाला आता तुझा हा प्रतिसाद वाचायला देतो, तोही जिंकण्याच्या बाबतीत तसाच आहे. बघू साठाव्या पानाच्या पुढे सरकतो का.

उचगावचे_मास्तर

चिकोडीकर, त्याला कर्स्टी येते तिथपासून वाचायला सांगा. आधीचं तुम्ही तोंडी सांगा. माझ्या वर्गात असंच करतो, कुणी अडलं की मी दोन प्रकरणं गोष्टीसारखी सांगून पुढे नेतो.

मार्कंडेयकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदार मामा, आमच्या वाचनाला एक दिवस याल का? शरणागतीचं प्रकरण तुमच्यासमोर वाचायचं आणि मग मुलांनी तुम्हाला प्रश्न विचारायचे. निपाणीकर, मामांची परवानगी असेल तर कुवेतची हकीकत मी मुलांना सांगेन. नाव घेणार नाही.

वयाचं म्हणाल तर मला आता अकरा ते तेरा बरं वाटतंय. त्याच्या आधी गंमत कळते, पण जॉनीच्या मित्राचा, बिगमॅकचा, चोरलेल्या गाडीच्या अपघाताशी आलेला संबंध जड जातो. तो भाग वाचताना मोठं कुणीतरी जवळ असावं.

निवृत्त_सुभेदार

येतो. वेळ कळवा. मुलांनी काहीही विचारलं तरी चालेल, मात्र आधी पुस्तक वाचून यावं.

निपाणीचा_नातू

मामांना विचारलं. ते म्हणाले, सांग की, नावासकट सांग. फोनवर कॉल लावून देऊ का म्हणून त्यांनीच विचारलं.

अनगोळचा_गडी

पुस्तक मागवलंय. दुसरा-तिसरा भाग पण गेमचाच आहे का?

खानापूर_जंगलपट्टी

नाही, गेम पहिल्यातच. 'जॉनी अँड द डेड' १९९३ चा. गावातली जुनी दफनभूमी नगरपालिका कंपनीला विकते आणि तिथले मेलेले लोक जॉनीकडे तक्रार घेऊन येतात. 'जॉनी अँड द बॉम्ब' १९९६ चा, त्यात मुलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाऊन पडतात. सुटे वाचले तरी कळतात, पण वॉब्लर, बिगमॅक आणि कर्स्टीची ओळख पहिल्यात होते, म्हणून क्रमाने घ्या. दफनभूमीचा भाग मला तिन्हींत सगळ्यात जास्त हसवून गेला, त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.